सेंट थॉमस कॅथेड्रल क्षेत्रभेटीतून का काढलं? माझ्या मुलीच्या शाळेला खुलं पत्र

माननीय मुख्याध्यापिका मॅडम, शालेय व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य आणि पालक-शिक्षक संघाचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांच्यासाठी आहे त्यांना कळेल, बाकीच्यांनी कृपा करून शोधत बसू नका, कारण माझी तक्रार एका निर्णयाबद्दल आहे, शाळेबद्दल नाही. माझी मुलगी इथे सातवीत शिकते आणि इथल्या शिक्षकांनी तिच्यासाठी जे केलंय त्याची मला पूर्ण जाणीव आहे.

दरवर्षी सातवी-आठवीच्या मुलांची मुंबईच्या फोर्टमध्ये क्षेत्रभेट असते. एशियाटिकच्या पायऱ्या, हॉर्निमन सर्कल, मग सेंट थॉमस कॅथेड्रल आणि तिथून चालत फ्लोरा फाउंटन. मी एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे, ऑफिस फोर्टातच, जुन्या बिल्डिंगांची मापं घ्यायची आणि नकाशे काढायचे हेच रोजचं काम, त्यामुळे इतिहासाच्या बाईंनी विचारलं तेव्हापासून या भेटीत मुलांना इमारती दाखवायचं काम माझ्याकडे आहे आणि ते मी मनापासून करतो. यंदा पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला की काही पालकांच्या सूचनेवरून कॅथेड्रल वगळण्यात येत आहे, सदर वास्तू आपल्या इतिहासाशी व संस्कृतीशी संबंधित नसल्याने तो वेळ अन्यत्र वापरला जाईल. मी शाळेच्या ऑफिसात पत्र दिलं, नंतर भेटूनही बोललो. निर्णय झालेला आहे, आता हा विषय वाढवू नका, एवढंच उत्तर मिळालं. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

"आपल्या इतिहासाशी संबंधित नाही" हे वाक्य खोटं आहे, आणि इतिहास शिकवणाऱ्या शाळेने ते लिहून द्यावं याचं मला फार वाईट वाटलं. का खोटं आहे ते सांगतो, जरा लांबेल, पण वाचा.

सातवीच्या पुस्तकात शिवराज्याभिषेक आहे. 6 जून 1674, रायगड. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तिथे हजर होता, नारायण शेणवी दुभाषा म्हणून बरोबर होता, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. पण त्या ऑक्झिंडेनला रायगडावर पाठवलं कोणी? जेरल्ड ऑंजियरने, जो तेव्हा सुरतेच्या वखारीचा प्रमुख आणि मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच ऑंजियरने राज्याभिषेकानंतर दोनेक वर्षांत, 1676 च्या सुमारास, मुंबईच्या किल्ल्यात एक चर्च बांधायला घेतलं. तेच हे सेंट थॉमस. 1677 मध्ये ऑंजियर सुरतेला वारला आणि काम थांबलं ते थांबलंच, भिंती अर्धवट उभ्या, वर छप्पर नाही, अशी जवळजवळ चाळीस वर्षं गेली. म्हणजे महाराजांच्या हयातीत पायाभरणी झालेली एक इमारत मुंबईत आजही उभी आहे आणि रोज वापरात आहे. मुंबईत अशा किती जागा उरल्यात जिथे मुलांना उभं करून आपण हे सांगू शकतो?

पुढचं तर याहून जवळचं आहे. 1714 मध्ये रिचर्ड कॉब नावाचा पाद्री मुंबईत आला, त्याने ते अर्धवट पडलेलं बांधकाम मनावर घेतलं, पैसे गोळा केले आणि 1718 च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडलं. गव्हर्नर होता चार्ल्स बून. याच बूनने त्याच वर्षी नोव्हेंबरात कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर आरमार पाठवलं होतं आणि ते हात हलवत परत आलं. खांदेरी आता 2025 पासून मराठा लष्करी भूप्रदेशाच्या बारा किल्ल्यांमध्ये जागतिक वारसा यादीत आहे, तेव्हा शाळेने केवढा मोठा कार्यक्रम केला होता, मुलांनी किल्ले बनवले, मीही प्लायवूड कापून दिलं होतं. त्याच खांदेरीवरून माघार घेऊन आलेली मंडळी महिन्या-दीड महिन्यात या चर्चच्या उद्घाटनाला जमली होती. एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत या, एक बाजू समुद्रात आणि एक फोर्टात, आणि आपण एकीला "आपली" म्हणून दुसरीला यादीतून काढून टाकतोय.

आणि उद्घाटनाला इंग्रज एकटे नव्हते. रामा कामती नावाचा मुंबईतला मोठा वजनदार हिंदू गृहस्थ आपल्या जातीच्या मंडळींना घेऊन आला होता आणि उपासना संपेपर्यंत ही सगळी मंडळी बाहेर उभी होती, हे खुद्द कॉबने लिहून ठेवलंय. रामा कामती म्हणजे तोच, ज्याने 1715 मध्ये वाळकेश्वरचं देऊळ पुन्हा बांधलं. आपण मुलांना बाणगंगेला नेतो ना, वाळकेश्वर दाखवतो ना, मग ते देऊळ उभं करणारा माणूस तीन वर्षांनी या चर्चच्या दारात उभा होता हे का नाही सांगायचं? आणि पुढे 1720 मध्ये याच रामा कामतीला कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून बूनच्या राजवटीत कैद झाली, मालमत्ता गेली आणि तुरुंगातच त्याचा शेवट झाला. पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं बनावट होती असं नंतर अभ्यासकांनी दाखवून दिलं. मी ही हकिगत चर्चच्या आवारात उभं राहून सांगतो तेव्हा मागच्या रांगेतली दंगा करणारी पोरंसुद्धा पुढे सरकतात. एका मुलाने विचारलं होतं, "काका, मग तो नक्की कोणाच्या बाजूचा होता?" या एका प्रश्नावर बाईंनी नंतर वर्गात अख्खा तास घेतला. हे स्लाइड शो दाखवून होत नाही हो.

आता तुमच्या मेसेजमधला "काही पालक" हा भाग. आक्षेप काय होता ते मला एका सदस्यांनी खासगीत सांगितलं, की आत इंग्रजांची स्मारकं आहेत, आपल्याला हरवणाऱ्यांची, ती मुलांना का दाखवायची. आक्षेप मी समजू शकतो, हसण्यावारी नेत नाही. खरंच आहेत. भिंतींवर संगमरवरी स्मारकं आहेत आणि त्यात कर्नल बरचं आहे, 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेसमोर ज्याच्याकडे इंग्रजी सैन्याचं नेतृत्व होतं तो बर. पण खडकीची लढाई आपण शिकवतोच. पुस्तकात ती चार-पाच ओळीत येते आणि परीक्षेनंतर विसरली जाते. इथे मुलगा समोर उभा राहून बघतो की जिंकणाऱ्याने आपल्या माणसाची आठवण किती खर्च करून, कुठून दगड आणून, कोणत्या शब्दांत कोरून ठेवली. हे बघितल्याने त्याचा अभिमान कमी होतो असं तुम्हाला वाटतं का? मी तर उलट बघितलंय. मुलं बाहेर येऊन विचारतात की आपल्या बाजूने पडलेल्यांची नावं कुठे कोरलीत. हा प्रश्न मुलांच्या तोंडून येणं मला फार मोलाचं वाटतं.

त्याच भिंतींवर जोनाथन डंकनचंही स्मारक आहे, हा 1795 पासून 1811 पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. काशीच्या मुलखात आणि नंतर काठियावाडात जन्मलेल्या मुली मारायची चाल बंद करण्यासाठी त्याने जे प्रयत्न केले ते त्या शिल्पात दाखवलेत. सातवीतल्या मुली ते बघून एकदम शांत होतात. आणि बाकीच्या पाट्यांवर मुलांचा आवडता उद्योग म्हणजे वजाबाकी, मृत्यूचं साल वजा जन्माचं साल. एकामागून एक उत्तरं येतात विशी-पंचविशीतली, तापाने गेलेली, जहाजावर गेलेली, बाळंतपणात गेलेल्या बायका. दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य, असं त्या काळी मुंबईबद्दल इंग्रज म्हणायचे. राज्य करायला आलेली माणसंही या दमट बेटावर कशी पटापट मरत होती हे मुलं स्वतः आकडेमोड करून शोधतात, कुणी सांगावं लागत नाही.

इमारतीबद्दल बोलायचं तर मला थांबवणं अवघड आहे, पण हा माझ्या धंद्याचा विषय आहे आणि शाळेचं इथेच सगळ्यात मोठं नुकसान होणार आहे. इमारत वाचायची कशी हे शिकवायला फोर्टमध्ये याच्याइतकी सोपी जागा मला माहीत नाही. मुख्य भाग अठराव्या शतकातला, जाड भिंतींचा, साधा, भक्कम, फार नक्षी नाही, त्या वेळचं मुंबई शहर तटबंदीच्या आत घाबरून राहणारं होतं आणि बांधकामातही तो सावधपणा दिसतो. मग 1837 मध्ये मुंबईला बिशप मिळाल्यावर या चर्चचं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, झालं, आणि लगेच 1838 मध्ये पश्चिम टोकाला घड्याळाचा मनोरा चढला, कारण आता इमारतीचा दर्जा वाढला होता आणि तो लांबून दिसायला हवा होता. मग 1860 च्या दशकात शहरात कापसाचा पैसा आला, तट पाडले गेले, आणि त्याच दशकात पूर्वेला वेदीचा भाग नवा बांधला तो गॉथिक पद्धतीचा. मधल्या वाटेवर उभं राहून पूर्वेकडे बघितलं की टोकदार कमानी दिसतात, रंगीत काचांतून येणारा उजेड दिसतो, आणि आपण उभे आहोत तो भाग मात्र वेगळ्याच मनःस्थितीत बांधलेला. मी मुलांना फक्त एवढंच सांगतो की कुठला भाग आधीचा आणि कुठला नंतरचा ते मला ओळखून दाखवा, कारणासकट. पाच मिनिटं गोंधळ होतो आणि मग कोणीतरी बोट दाखवून बरोबर सांगतं. एकदा हे जमलं की ती मुलं स्वतःच्या गावचं देऊळ, वाडा, स्टेशन, सगळंच या नजरेने बघायला लागतात. मागच्या बॅचच्या एका मुलाने कोकणातल्या त्याच्या गावच्या देवळाचा सभामंडप नंतरचा आहे हे ओळखून मला फोटो पाठवला होता, छपराच्या जोडाला लाल पेनने खूण करून.

बाहेर पश्चिमेच्या दारासमोर जे कारंजं आहे ते कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या पैशातून झालं, पारशी दाता, आणि आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा, ज्याने विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचाही आराखडा केला आणि जो मुंबईत कधी आलाच नाही. चर्चच्या दारात पारशी माणसाने दिलेलं कारंजं. हे शहर कसं घडलं याचा दुसरा पुरावा काय द्यायचा!

आणि चर्चगेट? माझी मुलगी, तुमची मुलं, तुम्ही स्वतः, आपण सगळे रोज हे नाव घेतो. किल्ल्याला तीन दरवाजे होते, अपोलो गेट, बाजार गेट आणि या चर्चकडे जाणारा तो चर्चगेट. 1860 च्या दशकात तट पडले, दरवाजा गेला, त्याच्याच आसपास फ्लोरा फाउंटन उभं राहिलं आणि नाव पुढे सरकत स्टेशनला चिकटलं. मुंबईचे जुने मैलाचे दगडसुद्धा इथूनच मोजलेले, काळ्या दगडात कोरलेलं आहे सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल म्हणून, काळबादेवीपासून वर दादरपर्यंत हे दगड फूटपाथात गाडले गेले होते आणि अलीकडे त्यातले बरेच उकरून, साफ करून पुन्हा बसवलेत. ज्या जागेपासून या शहराची अंतरं मोजली ती जागा आपल्या मुलांनी बघायची नाही, असं आपण ठरवलंय.

आता एक गोष्ट जी लिहायला जड जातेय. मुलीच्या वर्गात ख्रिश्चन मुलं आहेत, मराठी बोलणारी, एकाचं घर वसईचं, एकीचे आजी-आजोबा नगरकडचे. मेसेज पालकांच्या ग्रुपवर आला म्हणजे त्यांच्या घरीही आला. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकीने माझ्या मुलीला विचारलं की चर्च जर आपलं नाही तर मी कोण आहे. माझ्या मुलीला उत्तर देता आलं नाही, ती घरी येऊन मला विचारू लागली. मॅडम, या प्रश्नाचं उत्तर शाळेने द्यायला पाहिजे आणि लवकर द्यायला पाहिजे. हे कॅथेड्रल आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे, तिथे दर रविवारी उपासनेला बसणारी माणसं याच देशातली, याच शहरातली आहेत. ज्यांनी त्या भिंती बांधल्या, चुना मळला, दगड घडवले ते हातही इथलेच होते. "आपली संस्कृती" असं लिहिताना या मुलांचा विचार कोणीच केला नाही का?

पद्धतीबद्दलही बोलायला हवं. मीटिंग झाली नाही. इतिहासाच्या बाईंना विचारलं नाही, त्यांनाही तो मेसेज आमच्याबरोबरच वाचायला मिळाला. किती पालकांनी आक्षेप घेतला ते सांगितलं नाही. आधी वेळ पुरत नाही हे कारण तोंडी दिलं, पण बस हॉर्निमन सर्कललाच थांबते आणि कॅथेड्रल तिथून रस्ता ओलांडला की आहे, त्यामुळे वेळेचं कारण पटत नाही. सुरक्षिततेचं म्हणाल तर तो सगळ्या वाटेवरचा सर्वात शांत टप्पा आहे, गर्दी आणि ट्रॅफिकपासून आत. 2004 साली या वास्तूच्या जतनाच्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळालाय, बाहेरगावचे लोक शोधत येतात आणि आपण बस दारात उभी करून मुलांना आत नेणार नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ग्रुपवरचा मेसेज मागे घ्या. "आपल्या इतिहासाशी व संस्कृतीशी संबंधित नाही" हे शब्द चुकीचे होते असं शाळेच्या नावाने, त्याच ग्रुपवर, स्पष्ट लिहा. ही माझी पहिली मागणी आहे आणि बाकी काही झालं नाही तरी ही व्हावी.

सेंट थॉमस यंदाच्याच क्षेत्रभेटीत परत घ्या. ज्या पालकांना आपल्या मुलाने आत जाऊ नये असं मनापासून वाटतं त्यांच्यासाठी संमतीपत्रात एक रकाना ठेवा, त्यांची मुलं हॉर्निमन सर्कलच्या बागेत शिक्षकांबरोबर थांबतील, त्यांच्यावर जबरदस्ती नको. पण काहींच्या आक्षेपासाठी सगळ्यांचं दार बंद करू नका.

क्षेत्रभेटीची ठिकाणं यापुढे इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांनी ठरवावीत आणि बदल करायचा झाला तर तो पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत, कारण लिहून, मांडावा.

चर्चच्या ऑफिसकडून आधी रीतसर परवानगी घ्यावी आणि उपासनेची वेळ टाळावी, जे आपण आजवर करत आलोय तेच. मुलांना आत आवाज न करता वावरायला आधी वर्गात सांगावं. देवळात जाताना सांगतो तसंच.

आणि शक्य असेल तर खांदेरी, वाळकेश्वर आणि सेंट थॉमस या तीन जागा एका नकाशावर घेऊन 1715 ते 1720 या पाच वर्षांचा एक धडा शिक्षकांनी बनवावा. नकाशा मी काढून देतो, कॅथेड्रलचा साधा प्लॅनही देतो ज्यात कुठला भाग कोणत्या काळातला ते वेगवेगळ्या रंगात दाखवलेलं असेल, मराठीत, मुलांना रंगवता येईल असा. एक पैसा नको.

हे पत्र वाचणाऱ्या बाकी पालकांना विनंती, सहमत असाल तर तुमच्या नावाने शाळेला दोन ओळी लिहा, आणि नसाल तरी लिहा, म्हणजे नेमके किती लोक काय म्हणतात ते तरी समोर येईल. शाळेतल्या कोणाबद्दलही खालीवर लिहू नका, ते मला चालणार नाही.

पालक-शिक्षक संघाची पुढची बैठक या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे. हा विषय अजेंड्यावर घ्यावा असा अर्ज मी आज परत ऑफिसात देतोय, त्याला हे पत्र जोडलंय. नकाशा तयार आहे, त्याच्या प्रती घेऊन मी येतो.

आपला नम्र,
सातवीतल्या एका मुलीचा बाबा